वधूचं लग्नाआधीचं नाव

"आजी, लग्न झाल्याचा काही पुरावा आहे का?" पेन्शनच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं आणि दानेश्वरीच्या आईचा हात आपसूक गळ्याकडं गेला. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिथं काळ्या मण्यांचा पुरावा होता. आता बोटांना नुसती इष्टलिंगाची चांदीची डबी लागली. तीच घट्ट धरून तिनं लेकीकडं पाहिलं. खिडकीतली मुलगी वाईट नव्हती. उलट तिनं अप्पांचं जुनं सेवापुस्तक फिरवून काचेला लावून दाखवलं: निंगप्पा सिदप्पा मंगरुळे, वारसाचं नाव शरणम्मा, नातं आई. पत्नीच्या रकान्यात आडवी रेघ. अप्पा नोकरीला चिकटले ते लग्नाआधी, तेव्हा भरलेलं पान ते. पुढं लग्न झालं, पोरं झाली, नोकरी संपली, माणूस संपलं, पण ते पान उलटून दुरुस्त करावं असं त्यांच्या मनात काही आलं नाही. कागदाच्या बाबतीत अप्पा म्हणजे आनंदच होता. विजेची बिलं पंचांगात आणि पंचांग माळ्यावर. मुलगी म्हणाली, लग्नाच्या नोंदीची नक्कल आणा म्हणजे काम होईल, नाहीतर कोर्टातनं वारस ठरवून आणावा लागेल. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द आईनं उचलला, पुरावा. जिना उतरताना कठड्याला धरून ती शांतपणे म्हणाली, "एक्कावन्न वर्सं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्याला काय म्हंत्यात मग?"

दानेश्वरीनं हात करून रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण आईची दया येण्याआधी तिच्या मनात भलतंच काही येऊन गेलं होतं. खरंच, पुरावा आहे का? एकवीस वर्षं ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभी होती. टॉवेल उजेडासमोर धरायचा, नजर वरनं खाली न्यायची, तुटलेला धागा दिसला की खडूची खूण करायची. या कामाची खोड अशी, की एकदा का तुटका धागा दिसला की मग बाकीचा टॉवेल दिसतच नाही. तसंच झालं तिचं. सोलापुरात शेळगीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आईअप्पांच्या लग्नाचा फोटो नव्हता. शेजारपाजारच्या घरी भिंतीवर होते, फेटा कानावर आलेले नवरे आणि मुंडावळ्या वाकड्या झालेल्या नवऱ्या. लहानपणी विचारलं की आई म्हणायची, दुष्काळ व्हता, फोटो कुटला काढतीस. आणि दानेश्वरीच्याच लग्नात एक लांबची आत्या हळद लावता लावता हसत बोलून गेली होती, तुझ्या आईचं लगीन तरी कुणी बघितलंय गं? चेष्टाच ती. पण शेंगेचं फोलपट दाढेत अडकावं तशी अडकून बसली, इतकी वर्षं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, अप्पांनी आईला आयुष्यात एकदाही 'शिवबाई' अशी हाक मारलेली तिला आठवत नव्हती. 'अगं', 'ऐकलं का', फार तर 'दानेश्वरीच्या आई'. त्या पिढीचे पुरुष तसेच, हे तिला कळत होतं. तरी दवाखान्यात शेवटच्या दिवशी, सगळे नातेवाईक उभे असताना, अप्पा आईकडं बघून ओठ हलवत राहिले आणि नाव काही त्यांच्या तोंडून आलं नाही. नाव घ्यायलासुद्धा माणूस आपलं वाटावं लागतं, असं तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं.

विवाह नोंदणीच्या कचेरीत जुन्या दप्तरांची खोली पाठीमागच्या बाजूला होती. तिथं जोतिराम म्हणून एक कारकून होता. वेळापूरकडचा माणूस, घरी अजून मेंढरं होती, बोलणं सगळं गावाकडचं आणि कामाला घाई म्हणून नाही. दानेश्वरीनं आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत जाऊन विचारलं की पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद मिळेल का. त्यानं तिला स्टूल दिलं आणि सगळं बैजवार सांगितलं. साधा अर्ज लिहायचा, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावायचं. वराचं नाव, वधूचं लग्नाआधीचं नाव, लग्न कुठं लागलं आणि कोणत्या साली. साल नक्की माहीत नसेल तर जितकी सालं धुंडाळायची तितक्यांची शोधायची फी, तिची पावती जपून ठेवायची. नोंद सापडली की सहीशिक्क्याची नक्कल मिळते. आणि कुणावर विश्वास नसेल तर वही आपल्या डोळ्यांनी बघावी. लग्नाची वही कुणालाही बघता येते, तिला कुलूप नसतं. "लगीन काय कुणी चोरून करतंय व्हय," तो म्हणाला. साल विचारायला ती आईकडं निघाली तेव्हा मात्र त्यानं हात वर करून थांबवलं. म्हाताऱ्या माणसाला साल विचारायचं नाही, त्या वक्ताला काय घडलं ते विचारायचं, हा त्याचा नियम. दानेश्वरीनं सांगितलं, दुष्काळाच्या साली. तो हसला. हितंच समदी फसत्यात म्हणाला. दुष्काळ म्हटलं की लोक बहात्तर लिहितात. पाऊस गेला तो बहात्तरचा, पण होरपळ झाली ती पुढच्या उन्हाळ्यात, आणि लग्नं लागतात ती उन्हाळ्यात. म्हणजे बघायचं त्र्याहत्तर. दानेश्वरीला तो माणूस आवडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण एकट्या शोधत नाही.

वधूच्या रकान्यापाशी ती अडली आणि बाहेर आईकडं आली. हे विचारावं लागणार हे तिला बरोबर ठाऊक होतं, कारण तिचं स्वतःचंही तेच झालेलं. लग्नाच्या दिवशी सासरी तांदळाचं ताट पुढं आलं, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'पूनम' लिहिलं, आणि सहा महिने स्वयंपाकघरातनं पूनम पूनम अशी हाक आली की ती शेजारची कुणी असेल म्हणून चूल फुंकत बसायची. शाळेच्या दाखल्यावर दानेश्वरी, कारखान्यात दानेश्वरी, आणि सासूच्या तोंडी पूनम. सवय होते. तिनं आईला विचारलं, तुझं माहेरचं नाव काय? आई बाटलीचं झाकण लावत होती. "तेच की," ती म्हणाली. शिवबाईच? "व्हय, तेच." मग दानेश्वरीनं अर्जावर ठळक अक्षरात लिहिलं, शिवबाई.

जोतिरामनं सूचीची लांबट वही काढली. कापडी पुठ्ठा, वाळवीनं कुरतडलेला कोपरा, आत जुन्या सरसाचा वास. वरांची आडनावं अक्षरानुसार लावलेली. 'म' चं पान आल्यावर तिनं टॉवेलवर फिरवते तसं बोट एकेका ओळीखालनं फिरवलं. माळगे, माशाळ, मेंगाणे. एवढी माणसं त्या होरपळीत लग्नं करत होती, याचंच तिला नवल वाटलं. प्यायला पाणी नव्हतं, खडी फोडायच्या कामावर माणसं जात होती, आणि तरी पानामागून पान लग्नं. मग एकदम तिचं बोट थांबलं. मंगरुळे निंगप्पा सिदप्पा. सापडलं म्हणून ती बोलणार तेवढ्यात नजर पुढच्या रकान्यात गेली. वधू: शरणम्मा. पुढं नोंदीचा क्रमांक, बस. एवढंच. ती बघतच राहिली. शरणम्मा म्हणजे अव्वा, अप्पांची आई. चारच दिवसांपूर्वी तर खिडकीतल्या मुलीनं सेवापुस्तकात दाखवलं होतं, शरणम्मा, नातं आई. आधी तिला हसू आलं. अव्वा होतीच तशी. प्रश्न देवाला विचारला तरी उत्तर अव्वा द्यायची. कारकुनानं नाव विचारलं असेल आणि अव्वानं पदर सावरून पुढं होत स्वतःचं सांगून टाकलं असेल. पण हसू टिकलं नाही. जोतिरामनंही मान हलवली. वधूच्या जागी वराची आई म्हटल्यावर ही नोंद तुमची कशी धरायची, ताई? पुढंमागं बघू. त्यानं बहात्तर काढलं, चौऱ्याहत्तर काढलं. मंगरुळे होते, निंगप्पा नव्हते. त्र्याहत्तरची मूळ नोंद दुसऱ्या गठ्ठ्यात आहे, हवी असेल तर दोन दिवसांत काढून ठेवतो, असं तो म्हणाला. चुकीचा कागद काढून काय करायचंय, असं पुटपुटत ती उठली. आईला बाहेर तिनं सांगितलं की वहीत तुझ्या जागी अव्वाचं नाव लिहून ठेवलंय. आईच्या हातातली बाटली तोंडापर्यंत गेली होती, तिथंच क्षणभर थांबली. मग ती सावकाश पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, जाऊ दे, चल घरला. चिडली नाही, रडली नाही, नशिबाला बोल लावला नाही. हे दानेश्वरीला फार लागलं. ज्या बाईचं लग्नच कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर लिहून ठेवलंय, ती इतकी गप्प कशी?

पुढचे चार दिवस वाईट गेले. रोज सकाळी कंपनीची बस बाळे गावाच्या पुढं गेली की उघडं रान लागायचं आणि तिच्या डोक्यातले धागे एकेक करून तुटायला लागायचे. लिंगायताच्या घरात माणूस माणसाला भेटलं की 'शरणु शरणार्थी' म्हणतं, पोरंसुद्धा म्हणतात. आई कधी म्हणायची नाही. नुसते हात जोडायची, मान लववायची, ओठ मिटलेले. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, मैंदर्गीहून आलेली ही सून लई ताठ. दानेश्वरीला त्या वेळी राग यायचा बायकांचा. आता वाटायला लागलं, आई आपल्यातली नसेलच तर? मैंदर्गीला माहेरचं कुणी दानेश्वरीच्या जन्माआधीच उरलं नव्हतं, विचारणार कुणाला? कुठनं तरी आणलेली असेल, न लग्नाची, म्हणून तो शब्द तिच्या तोंडाला येत नसेल? छे, काय हे. स्वतःच्या आईबद्दल असा विचार करणाऱ्या बाईच्या तोंडात कुणी मिरची कोंबायला हवी. पण विचार काय विचारून येतात? आणि मग तिला गोजरबाई कासारीण आठवली. दानेश्वरी सात वर्षांची असेल. दुपारची वेळ, गोजरबाई बांगड्यांची टोपली घेऊन दारात, आणि तिची ती खणखणीत हाक, शरणम्मा हायेत का घरात? आई आत पीठ मळत होती. हाक ऐकली आणि ती तशीच पिठाच्या हातानं झटकन उठायला गेली, अर्धी उठली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा खाली बसली. पलीकडच्या खोलीतनं अव्वा खाकरत बाहेर गेली. आईनं मान खाली घालून परत कणकेत हात घातला, पण बराच वेळ तिची बोटं हललीच नाहीत. तो चेहरा दानेश्वरीच्या मनात राहिला होता. आई अव्वाला किती भिते, एवढाच त्याचा अर्थ तिनं लावला होता.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती टेबलावर होती. पंखे घरघरत होते, हवेत सुताची तुसं उडत होती, हातात निळ्या किनारीचा टॉवेल. सुपरवायझरनं पॅकिंगच्या बाजूला बघून हाक मारली, प्रियंका! आणि पॅकिंगमधल्या दोन मुलींनी एकदम मान वर केली. रोजचंच होतं हे. तिथं दोन प्रियंका होत्या, एक मोठी, एक बारकी, आणि रोज हा घोळ व्हायचा. बारकीला कळलं की हाक आपल्याला नाही. ती अर्धी उठली होती, ती पुन्हा बसली आणि मान खाली घालून पिशव्या मोजायला लागली. दानेश्वरीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिला तो पिठाचा हात दिसला. अर्धं उठणं दिसलं. आई भिऊन बसली नव्हती. आई हाकेला उठली होती. आपलं नाव ऐकून माणूस उठतं तशी, अकरा वर्षं संसार झाल्यावरही, पिठाच्या हातानं, नकळत. घरात दोन शरणम्मा होत्या, आणि त्यातली एक गेली सगळी वर्षं शिवबाई होऊन बसली होती. दानेश्वरीनं टेबलाची कड धरली. शेजारणीनं विचारलं, बाई गं, चक्कर आली का? ती नाही म्हणाली, आणि तिला आनंद इतका झाला होता की कुणाला सांगावा कळेना. तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि मिळाली ती गाडी धरून शेळगी गाठली.

आई परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसली होती. चारच वाजले होते, पण एकटी राहायला लागल्यापासून तिच्या सगळ्या वेळा अलीकडं आल्या होत्या. दानेश्वरी चपला काढून तिच्यासमोर बसली. आता 'माहेरचं नाव काय' असं विचारायचं नाही हे ती शिकली होती. ती म्हणाली, "मैंदर्गीत तुझे वडील तुला हाक कशी मारायचे?"

आईनं वर पाहिलं. पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग परातीतलं कोरडं पीठ तिनं तळव्यानं सपाट केलं, आणि तर्जनीनं त्यात काहीतरी काढायला लागली. गोल गोल अक्षरं, कानडी. एकही अक्षर चुकत नव्हतं. दानेश्वरी बघत राहिली. तिची आई निरक्षर होती. बँकेत अंगठा, रेशनवर अंगठा, अप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर परवा अंगठा. आई म्हणाली, वाच. दानेश्वरी म्हणाली, मला कानडी वाचता येत नाही गं. तू सांग तोंडानं.

"माज्या तोंडातनं यायचं न्हाय त्ये. थोरल्या माणसाचं नाव हाय."

"तुझंही आहे."

"व्हतं," आई म्हणाली.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. लग्न इथंच सोलापुरात लागलं, मठाच्या मांडवात, वीस-पंचवीस माणसं, पाणी टँकरचं. माप ओलांडून घरात आली तेव्हा अव्वा म्हणाली, एका घरात दोन शरणम्मा नकोत. मी सुनेला हाक मारायची म्हणजे स्वतःलाच हाक मारल्यासारखं, आणि दुसऱ्या कुणी तिला एकेरीत बोलावलं तर ते मला लागणार. ताट आलं, तांदूळ आला, शिवबाई झाली. एवढ्यावर भागलं नाही. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, हे तर लहानपणापासनं पाठ. म्हणजे आपलंच नाव आपल्याला वर्ज्य झालं. कुणी माहेरचं नाव विचारलं तरी काय सांगणार? तेच म्हणायचं. नमस्कार करताना 'शरणु' म्हणायचं तरी अव्वाचं नाव जिभेवर येतं, म्हणून नुसते हात जोडायचे. आणि मैंदर्गीच्या कानडी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली ती, सगळं विसरली तरी एकच गोष्ट लिहिता येत होती, ती म्हणजे आपलं नाव. ते लिहायचं नाही म्हटल्यावर राहिला अंगठा. लोकांना वाटलं अडाणी आहे, वाटू दे. दानेश्वरीचा आवाज चढला. अव्वा जाऊन सदतीस वर्षं झाली की, आई! आईनं तिच्याकडं लहान पोरीकडं बघावं तसं पाहिलं. माणूस गेल्यावर नाव बारकं होतं का, म्हणाली. उलट जास्तच थोर होतं.

"आणि अप्पा? अप्पांना काही वाटलं नाही?"

आई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही नव्या नवरीसारखी, पदर तोंडाला लावून. लग्नाला तीन आठवडे झाले तेव्हा अप्पांनी तिला कचेरीत नेलं होतं. लग्नाची नोंद असली तर सरकारी क्वार्टर मिळेल, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. घरी सांगितलं दवाखान्यात जातो म्हणून. कारकुनानं वधूचं लग्नाआधीचं नाव विचारलं तेव्हा अप्पांनीच सांगितलं, आणि तिला म्हणाले, कर सही, इथं अव्वा नाही. तिनं केली. परत येताना दोघांनी मिळून एक गोळीची सोडा-बाटली घेतली, दुष्काळात तीसुद्धा कोमट. तेव्हा अप्पा म्हणाले होते, क्वार्टरमध्ये गेलो की तुला तुझ्या नावानं हाक मारीन, खिडकी उघडी ठेवून मारीन. क्वार्टर काही मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला तरी गेली. मग हाकही राहिली.

"पर दुसऱ्या नावानंबी कदी हाक मारली न्हाय त्यांनी," आई म्हणाली. "एकदाबी न्हाय. तू बग आठवून."

दानेश्वरीला आठवायची गरज नव्हती. तिला दवाखान्यातले ते हलणारे ओठ दिसत होते. खोलीभर नातेवाईक, अप्पांच्या तोंडात एक नाव, आणि ते बाहेर काढायची आयुष्यभराची चोरी. तिनं किती सहज त्या माणसाला कोरडं ठरवून टाकलं होतं. ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि रडता रडता तिला हलकं हलकं वाटत गेलं. आईनं परात पुढं ओढली. पिठातलं नाव मोडायचं तिच्या जिवावर आलेलं दिसत होतं. मग तिनं त्यावर पाणी घातलं आणि पीठ मळायला घेतलं. म्हणाली, आता बसलीच हायेस तर चार भाकरी खाऊन जा.

जोतिरामला फोन केला होता, त्यामुळं त्र्याहत्तरची मूळ नोंद त्यानं काढून ठेवली होती. या वेळी आई बाहेरच्या बाकावर बसली नाही. तिला स्टूल मिळालं, पंख्याखालचं. जोतिरामनं पानावरची धूळ फडक्यानं टिपली आणि बोट ठेवून वाचलं. वर, निंगप्पा सिदप्पा मंगरुळे, वय चोवीस. वधूचं लग्नाआधीचं नाव, आणि ते नाव त्यानं वाचलं, वडील चनबसप्पा कोरे, राहणार मैंदर्गी, वय अठरा. खाली अप्पांची मोडी वळणाची तिरकी सही आणि तिच्या शेजारी गोल गोल कानडी अक्षरं, शेवटच्या अक्षराची शेपटी अप्पांच्या सहीला जाऊन टेकलेली. दानेश्वरीनं ते पान उजेडाकडं धरलं, सवयीनं. कुठं काही तुटलेलं नव्हतं. आईनं पानाला हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. किती बारीक व्हते गं मी, असं काहीतरी ती पुटपुटली, म्हणजे अक्षराबद्दल की स्वतःबद्दल कोण जाणे. जोतिरामनं सांगितलं, आता नक्कल द्यायला अडचण नाही. पेन्शनवाल्यांसाठी एक प्रतिज्ञापत्र जोडायचं, की ही आणि शिवबाई एकच बाई म्हणून, दोन साक्षीदार आणायचे, झालं. अर्ज मात्र नव्यानं करायचा, ज्यांची नोंद त्यांच्या नावानं. त्यानं अर्ज पुढं सरकवला आणि म्हाताऱ्या बाईला बघून सवयीनं शाईचं पॅडही उघडून ठेवलं.

आईनं पॅडकडं पाहिलं. मग दोन बोटांनी ते बाजूला सारलं आणि दानेश्वरीकडं हात केला. दानेश्वरीनं पेन दिलं. लिहायला बराच वेळ लागला. मागं दोन माणसं अर्ज घेऊन ताटकळली होती, त्यांनाही काय वाटलं कुणास ठाऊक, कुणी घाई केली नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढून झाल्यावर आईनं पेन ठेवलं आणि घाम पुसला. जोतिरामनं कागद उचलून लांब धरला, जवळ धरला.

"आजी, ह्ये कानडीत हाय, मला काय वाचता येईना. मला हितं मराठीत लिवायचंय. वहीत वाचलं खरं, पर अर्जदारानं आपल्या तोंडानं सांगावं लागतंय, काय लिवलंय तेवढं सांगा."

उत्तर दानेश्वरीच्या ओठांवर आलंच होतं. आई अडखळलीय, मागं रांग आहे, एका शब्दाचं तर काम. तिनं तोंड उघडलं आणि तिला एकदम अव्वा आठवली, पदर सावरून पुढं होणारी. तिनं ओठ दाबून धरले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिली. आईचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. पहिल्यांदा नुसता श्वास आला.

"शरणम्मा," ती म्हणाली. आणि ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "शरणम्मा. नन्न हेसरु शरणम्मा. माजं नाव हाय त्ये."

जोतिरामनं लिहून घेतलं, तारीख घातली, पावती फाडून दिली. या माणसाला काही माहीत नव्हतं, पण रिवाज म्हणून त्यानं नाव घेऊनच सांगितलं, "शरणम्मा आजी, परवा दुपारी या. नक्कल तयार ठेवतो."

आई उठली. पदर सारखा केला, पावती घडी घालून कमरेला खोचली. रोज जोडायची तसेच तिनं हात जोडले, मान लववली. दानेश्वरी दारापर्यंत पोचली होती, आई मागं का राहिली म्हणून ती वळली.

"शरणु शरणार्थी," आई म्हणत होती.